थेंब मोजून: घरच्या घरी सुगंधोपचाराची सुरुवात

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळा लागला की दारे-खिडक्या बंद होतात, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि घरात कोंदटपणा भरून राहतो. याच दिवसांत पुष्कळ घरांत निलगिरी, गवती चहा किंवा लॅव्हेंडर यांच्या सुगंधी तेलाची छोटी बाटली आणली जाते. परंतु ते तेल खोबरेलासारखे सरळ अंगाला चोळायचे नसते, हे आणणाऱ्याला फारसे कुणी सांगत नाही. या उपचारात तेलाच्या निवडीपेक्षाही प्रमाणाला अधिक महत्त्व आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुगंधी तेल म्हणजेच इसेन्शियल ऑइल हे वनस्पतीची पाने, फुले, साल, लाकूड किंवा मुळे यांतून बहुतेक वेळा वाफेने ऊर्ध्वपातन करून काढतात, तर लिंबू-संत्र्याचे तेल साली दाबून मिळवतात. एक किलो गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून ते किती तीव्र असते याची कल्पना यावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गॅटफॉसे यांनी १९३७ साली अरोमाथेरपी हे नाव देऊन या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. सुगंधाचा वापर मात्र आपल्याकडे वाळा, चंदन आणि धूप यांच्या रूपाने त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. मन निवांत होणे, झोपण्यापूर्वी ताण हलका वाटणे, चोंदलेल्या नाकाला मोकळे वाटणे, एवढीच अपेक्षा या तेलांकडून ठेवावी. दमा, रक्तदाब किंवा मधुमेह यांची औषधे त्यांच्या भरवशावर कधीही बंद करू नयेत.

खरेदी करताना सुरुवातीला दोनच बाटल्या पुरतात: एक लॅव्हेंडर आणि एक गवती चहा. आपल्या भागात बाटलीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो; म्हणून वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उदाहरणार्थ लॅव्हेंडरसाठी लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, छापलेले आहे का, एवढे तरी पाहावे. नुसते ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलेले असेल, तर तो बहुधा कृत्रिम सुगंध असतो. घरी आणल्यावर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. लॅव्हेंडरसारखे पातळ तेल उडून जाते. कागदावर तेलकट डाग तसाच राहिला, तर त्यात दुसरे तेल मिसळले असण्याची शक्यता असते. चंदन आणि वाळा यांची तेले दाट असल्यामुळे त्यांना ही कसोटी लावता येत नाही.

अंगाला लावण्यासाठी मोठ्या माणसांना दोन टक्के प्रमाण पुरेसे असते. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब बसतात, त्यामुळे ३० मिलिलिटर आधारतेलात, म्हणजे ज्यात सुगंधी तेल मिसळायचे त्या साध्या तेलात, १२ थेंब घालावेत आणि चेहऱ्यासाठी सहाच. माप औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या झाकणाने घ्यावे, अंदाजाने ओतू नये. खोबरेल चालते, मात्र आपल्याकडे थंडीत ते थिजते. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे आणि मगच थेंब मिसळावेत. तीळतेलही चांगले, पण घाण्यावरच्या तेलाचा स्वतःचा वास नाजूक सुगंधाला झाकून टाकतो. मिश्रण प्रथम हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लालसरपणा किंवा खाज आली, तर ते तेल आपल्यासाठी नाही. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावल्यावर १२ तास तरी त्या जागी ऊन लागू देऊ नये, कारण त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

खोलीत सुगंध पसरवण्यासाठी विजेचे डिफ्यूझर असलेच पाहिजे असे नाही, शिवाय पावसात वीज जाते ती वेगळीच. कुंभारकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या खानापूरच्या मातीची, झिलई नसलेली कोरडी पणती घ्यावी, तिच्यात दोन-तीन थेंब टाकावेत आणि ती उशापासून हातभर दूर ठेवावी. सच्छिद्र माती तेल शोषून घेते आणि वास सावकाश सोडत राहते; थोड्या वेळाने पणतीच्या बाहेरच्या बाजूलाही बोट लावले तर सुगंध जाणवतो. अशी पणती पुन्हा दिव्यासाठी मात्र वापरू नये, कारण ही तेले पेट घेतात. डिफ्यूझर असल्यास अर्धा तास चालवून बंद करावा आणि एखादी खिडकी किलकिली ठेवावी.

तान्ह्या व लहान मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीवर निलगिरी, पेपरमिंट अथवा कापूर यांचे तेल लावू नये. त्यांच्या श्वासाला त्रास होऊ शकतो. गरोदर स्त्रिया, दम्याचे आणि फिट्सचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरात मांजर असेल, तर टी-ट्रीचे तेल तिच्या अंगाला लागू देऊ नये.

बाटल्या गडद काचेच्या असाव्यात आणि घट्ट झाकण लावून, उजेड व चुलीपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवाव्यात. ही तेले पोटात घेऊ नयेत. मुलाने चुकून तेल प्यायले, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता ताबडतोब दवाखाना गाठावा, आणि कोणते तेल होते हे डॉक्टरांना कळावे म्हणून ती बाटली सोबत न्यावी.