सीट बेल्ट आणि चाइल्ड सीट: या चुका टाळा

नवी गाडी घरी आली की आठवड्याभरात सीट कव्हरं चढतात आणि मागचे बेल्ट तिथेच कामातून जातात. कारागीर बकल कव्हरखाली सारून मोकळा होतो, आणि बसताना टोचत नाही म्हणून आपणही खूश. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागेच बसले होते, बेल्ट न लावता. मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, हा नियम तेव्हाही होताच.

म्हणून सुरुवात मागच्या सीटपासून. बकलं वर काढा आणि कव्हरला तेवढ्या चिरा मारून घ्या. पाठ आणि बैठक यांच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्या असतील तर त्याही मोकळ्या ठेवा. पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे शिवण उसवणारं खास कव्हरच चालतं. साधं घट्ट कव्हर तिची वाट अडवतं.

बेल्ट लावला म्हणजे झालं असंही नाही. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर हवा, पोटावर नाही. वरचा खांद्याच्या मधून छातीवर उतरला पाहिजे. गळ्याला घासतो म्हणून तो काखेखालून घेणारे खूप दिसतात. धक्का बसला की सगळा भार बरगड्यांवर येतो. घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरची बेल्टची कडी खाली सरकवा, बऱ्याच गाड्यांत ती सरकते. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच, फक्त खालचा पट्टा पोटाच्या खालून.

आता बाळ. ‘माझ्या मांडीवर आहे ना, मी धरलंय घट्ट,’ असं आजी म्हणते आणि विषय संपतो. पण ताशी ५० किलोमीटरने धडकणं म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली आदळणं. त्या झटक्यात दहा किलोचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. मूल मांडीवर घेऊन दोघांना एकच बेल्ट लावणं तर त्याहून वाईट, कारण मोठ्या माणसाचं वजन मुलावरच येतं. १४ वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना दिसलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी खाली हजाराचा दंड आहे, पण इथे दंड ही शेवटची काळजी.

चाइल्ड सीट आणली तरी ती बसवताना गडबड होते. सीटवर गुडघा रोवून बेल्ट ओढा. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर इंचापेक्षा जास्त सरकली तर ती सैल आहे. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका. आणि तान्ह्याला दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका: आधी पट्टे, मग वरून दुपटं. खांद्याजवळ पट्ट्याची चिमटीत घडी आली, तर अजून आवळायला हवा.

पुढे तोंड करायची घाई तर जवळपास सगळेच करतात. पाय दुमडतात म्हणून सीट फिरवू नका. सीटवर छापलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा. पुढे उंची साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, लागतो, नाहीतर मोठ्यांचा बेल्ट मुलाच्या पोटावर आणि गळ्यावर येतो.

बेल्ट ओढूनही येत नाही? गाडी उतारावर उभी असेल किंवा हिसका बसला असेल, तर तो लॉक होतो. थोडा आत जाऊ द्या आणि हळू ओढा. आत परत जात नसेल तर पट्ट्यावर मळ साचलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, पूर्ण वाळल्यावरच गुंडाळू द्या. ब्लीच नको, विणीची ताकद जाते.

बेल्टची पिपाणी बंद करायला नुसती क्लिप खोचणाऱ्यांना काय सांगायचं? २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या. जुनी क्लिप डॅशबोर्डच्या कप्प्यात पडली असेल तर फेकून द्या. जोराच्या अपघातात वापरात असलेले बेल्ट आणि चाइल्ड सीटही बदलायलाच हवेत, बाहेरून कितीही धडधाकट दिसोत. म्हणूनच ओएलएक्सवर स्वस्तात मिळालेली, मागचा इतिहास ठाऊक नसलेली सीट घेऊ नका.