अर्धवट पुल रिक्वेस्ट आणि गायब मेंटेनर: या चुका टाळा

मुक्तस्रोत प्रकल्पातला कोड उचलायची परवानगी लायसन्सने आधीच दिलेली असते. प्रकल्पाचं नाव, प्रकाशनाचे हक्क आणि लेखकाचं श्रेय मात्र त्या परवानगीत येत नाही. बहुतेक घोळ इथेच होतात. कोड बिनधास्त पुढे न्यायचा तिथे लोक महिनोन्महिने थांबतात आणि प्रकाशनाच्या हक्कांच्या किल्ल्या देताना घाई करतात.

अर्धवट काम आपल्या नावावर टाकणं

रिव्ह्यूमध्ये दोन बदल सुचवले आणि पॅच (कोडमधला बदल) पाठवणारा परत फिरकलाच नाही, हे नेहमीचं. त्याच पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल प्रकल्पात घ्यायच्या विनंतीवर, विचारा: ‘हे पुढे नेताय का? नसल्यास मी घेऊ?’ दोन आठवडे वाट पाहिली तरी पुरे. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर तेवढीही नको.

मग फाइलींमधला मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, मूळ कमिट (गिटमध्ये लेखकाच्या नावासह नोंदवलेले बदल) आणा. चेरी-पिक (निवडक कमिट उचलून आणणं) किंवा रिबेस (ते नव्या कोडवर पुन्हा बसवणं) केलं तरी लेखक मूळचाच राहतो, फक्त कमिटर म्हणून तुमचं नाव लागतं. तुमची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. लेखकाने आपला फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत) डिलीट केला म्हणून कोड गेला असं समजू नका. गिटहबवर मूळ रेपोतूनच (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातूनच) ‘पुल’, पुल रिक्वेस्टचा क्रमांक आणि ‘हेड’ असा तिरप्या रेघांनी जोडलेला पत्ता फेच केला की ते कमिट मिळतात.

श्रेय हरवतं ते स्क्वॅश करताना, म्हणजे अनेक कमिट एकात मिसळताना. दोघांचे कमिट एक झाले की लेखक एकच उरतो. दुसऱ्यासाठी संदेशाच्या शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, ‘को-ऑथर्ड-बाय’ आणि पुढे नाव-ईमेल लिहावं लागतं. गिटहबचं स्क्वॅश बटण ही ओळ स्वतः घालतं, पण मर्ज करणारा संदेश आटोपशीर करायच्या नादात तीच उडवतो.

‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी ग्वाही, दुसऱ्याच्या वतीने कधीच लिहू नका. मूळ कमिटमध्ये असेल तर ती राहू द्या आणि खाली आपली जोडा. प्रकल्पाला सहयोगकर्त्याचा करार लागत असेल आणि मूळ लेखकाने तो केलेला नसेल, तर तपासणारा बॉट (स्वयंचलित प्रोग्रॅम) अडवतो. लेखकाचं नाव बदलून बॉटला चकवणं ही सरळ लबाडी आहे. अशा वेळी मूळ बगची नोंद वाचून दुरुस्ती नव्याने लिहा.

बॉटला झाडू देऊन मोकळं होणं

कुबरनेटिस या मुक्तस्रोत प्रकल्पात पुल रिक्वेस्टवर ९० दिवस हालचाल नसेल तर ‘स्टेल’ (शिळी), आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’ (कुजलेली) आणि त्यानंतर ३० दिवसांनी बंद, असा क्रम असतो. एवढ्या मोठ्या प्रकल्पात तो समजण्यासारखा आहे. पाच जणांच्या प्रकल्पात असाच बॉट लावला की मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) रिव्ह्यूसाठी अडलेल्या पुल रिक्वेस्टही बंद होतात आणि राग लेखकावर निघतो. ‘लेखकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ असं लेबल बनवा आणि बॉट फक्त त्यावर चालवा.

कमिट नाहीत म्हणजे मेंटेनर गेला

काम पूर्ण झालेल्या लायब्ररीत वर्षभर कमिट नसणं हे आजारपणाचं लक्षण नाही. शेवटचा रिलीज कधीचा, त्या व्यक्तीची इतरत्र हालचाल आहे का, हक्क असलेली दुसरी कोणी आहे का, हे आधी बघा.

नाव ताब्यात हवं असेल तर प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. पायथनच्या पायपीआय या पॅकेजसाठ्यावर पेप ५४१ ही नियमावली लागू होते. मालक संपर्काबाहेर, १२ महिन्यांत रिलीज नाही आणि होमपेजवर मालकाची हालचाल नाही, या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तरच प्रकल्प सोडलेला मानतात. अर्ज करणाऱ्याने संपर्काचे फसलेले प्रयत्न, स्वतःच्या फोर्कमधल्या सुधारणा आणि दुसऱ्या नावाचा फोर्क का चालणार नाही, हे दाखवायचं असतं. त्यामुळे पाठवलेले ईमेल तारखेसह जपून ठेवा. डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज वाचवायचा इरादा बग म्हणून नोंदवून २१ दिवस थांबतात, मग किमान ७ दिवसांच्या विलंबाच्या रांगेत अपलोड करतात. लिनक्स कर्नेलमध्ये ‘मेंटेनर्स’ फाइल बघा. तिथे ‘ऑर्फन’ लिहिलेला भाग खरोखर बेवारस असतो.

नवं नाव घेऊन फोर्क करणं बहुधा लवकर होतं. फक्त गिटहबवर फोर्कमध्ये इश्यू सुरुवातीला बंद असतात. ते सुरू केले नाहीत, तर बग कळवायला कोणाला जागाच नसते.

थकलेल्या मेंटेनरने पहिल्या उत्साही माणसाला किल्ल्या देणं

२०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेजसाठ्यावरच्या ‘इव्हेंट-स्ट्रीम’ लायब्ररीचे प्रकाशनाचे हक्क मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला मिळाले. त्याने जोडलेल्या एका पॅकेजातून कोपे या बिटकॉइन वॉलेटवर नेम धरणारा कोड आत आला. ‘एक्सझेड’ या फाइल आकसणाऱ्या साधनाचं प्रकरण जास्त अस्वस्थ करणारं आहे, कारण तिथे माणूस दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम करत होता आणि दुसरी खाती मेंटेनरवर दबाव आणत होती. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (छुप्या प्रवेशाची वाट) सापडलं. म्हणजे नुसता काळ जाऊ देणं पुरत नाही. आधी इश्यू वर्गीकरणाचे हक्क द्या, मग मर्जचे, प्रकाशनाचे सर्वांत शेवटी. रिलीजचा टारबॉल (प्रकाशित होणारी कोडची बांधलेली फाइल) गिटमधल्या कोडशी ताडून बघा. एक्सझेडमध्ये मागचं दार चालू करणारी बिल्ड फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. आणि ‘मेंटेनर झोपलाय का?’ असे ईमेल अचानक वाढले, तर ते कोण पाठवतंय ते तपासा.

मेंटेनर असाल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये उत्तराधिकारी नेमून ठेवा. मृत्यूचा दाखला दिल्यावर ७ दिवसांनी, किंवा निधनाची छापील बातमी दिल्यावर २१ दिवसांनी, तो तुमच्या सार्वजनिक रेपो आर्काइव्ह किंवा हस्तांतरित करू शकतो. पायपीआय आणि एनपीएमवरचे हक्क त्याला यातून मिळत नाहीत. तिथे विश्वासाचा दुसरा मालक आत्ताच जोडावा लागतो.