कर्णाला आजच्या काळात आणताय? या चुका टाळा

आजच्या काळातल्या कर्णकथेचं पहिलं पान बहुतेकदा ठरलेलं असतं. मुसळधार पाऊस, देवळाची पायरी, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, पाठमोरी आई. सगळा जोर बाळ सोडण्याच्या प्रसंगावर. मग चौथ्या-पाचव्या पानावर गाडी अडते, कारण आई निघून गेलेली असते आणि बाळ मोठं होण्याची वाट बघण्यापलीकडे लेखकाच्या हातात काही उरत नाही.

अशा वेळी महाभारतातलं वनपर्व काढून बघा. कुंती तिथे एकटी नाही. दाई सोबत आहे आणि तिला सगळं ठाऊक आहे. पेटीत मऊ अंथरूण आहे, फटी मेणाने बुजवल्यात. पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, मग यमुनेत, गंगेत आणि शेवटी चंपानगरीला लागते. पुढचा तपशील बहुतेक जण गाळतात: मुलगा सूताच्या, म्हणजे सारथ्याच्या घरी वाढतोय हे कुंतीला हेरांकडून कळतं. म्हणजे ती सगळं जाणून गप्प आहे. आजची कुंती त्या मुलाचं इन्स्टाग्राम रोज उघडते आणि चुकूनही लाइक पडू नये म्हणून अंगठा स्क्रीनपासून लांब धरते. कथा इथे आहे, नदीकाठी नाही. आणि ती दाई आज कोण असेल? तिचं तोंड कशामुळे बंद आहे? एवढं सुचलं तरी अडलेली कथा चालू लागते.

दुसरी चूक कायद्याकडे काणाडोळा करण्याची. आज सापडलेलं बाळ थेट राधेच्या, म्हणजे कर्णाला वाढवणाऱ्या आईच्या कुशीत जात नाही. पोलीस किंवा १०९८ या बालमदत क्रमांकाला कळवावं लागतं, २४ तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो आणि त्यानंतरच ते दत्तक देण्यासाठी मोकळं होतं. मूल टाकून देणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आईला समितीपुढे जाऊन मूल रीतसर सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांतली कुंती कुणी का लिहीत नाही, हे मला कोडंच आहे. तुमच्या अधिरथाने, म्हणजे राधेच्या नवऱ्याने बाळ गुपचूप ठेवून घेतलं असेल तर खुशाल तसं लिहा; मात्र शाळेत घालताना जन्मदाखला कुठून आला, हे वाचक विचारणारच.

राधेला फोटोतली सोज्वळ माउली करून ठेवू नका. उद्योगपर्वात कृष्ण जन्माचं रहस्य सांगतो तेव्हा कर्ण उत्तरात काय म्हणतो? मायेपोटी राधेला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं. नातं कशाने ठरतं याचा एवढा रोकडा हिशोब दुसरीकडे क्वचितच सापडेल. म्हणून शेवटी डीएनए अहवालाचा लिफाफा उघडून टाळी घ्यायला जाऊ नका. महाभारतात सत्य कळल्यावरही तो घर बदलत नाही.

टाकून दिलेलं आणखी एक मूल म्हणजे शकुंतला. तिच्या बाबतीत घोळ वेगळा. अंगठीच्या जागी हरवलेला मोबाइल बसवला की काम झालं, असं वाटतं. पण अंगठी आणि दुर्वासाचा शाप कालिदासाच्या नाटकातले. महाभारतात दोन्ही नाहीत. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी लोक काय म्हणतील म्हणून तो भर सभेत तिला नाकारतो, वर तुझ्या आईने, मेनकेने तुला टाकून दिलं म्हणून हिणवतो. आजच्या कथेला हा दुष्यंत जास्त उपयोगी, त्याला विसराळूपणाची सबब नाही.

शेवटची चूक, कर्णाला झोपडीत वाढवण्याची. अधिरथ धृतराष्ट्राचा मित्र होता. सत्तेच्या अगदी जवळ, पण पंगतीबाहेर. आज तो मंत्र्याच्या गाडीचा ड्रायव्हर धरा. मुलगा बंगल्याच्या आवारातच वाढलेला, साहेबांच्या मुलांशी क्रिकेट खेळलेला, कोणत्या दाराने आत यायचं हे न सांगता कळणारा. द्रौपदीचं ‘मी सूताला वरणार नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकायच्या आधी थोडं थांबा: पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते मूळ पाठात घेतलेलं नाही. अपमान हवाच असेल तर राजपुत्रांनी शस्त्रविद्या दाखवली त्या रंगभूमीवरचा घ्या. तिथे कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात, आणि ते स्वतः शंतनूला रानात सापडलेलं मूल आहेत.