ॲल्युमिनिअमच्या भागांवर सिरॅमिक थर : ड्रॉइंगवर काय लिहावे, माल आल्यावर काय पाहावे

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात पॅकेजिंग मशिन, न्यूमॅटिक सिलिंडर किंवा पंपासाठी ॲल्युमिनिअमचे भाग बनवणाऱ्यांकडे ‘हार्ड ॲनोडाइज करून द्या’ (म्हणजे विजेने कठीण थर चढवून द्या) अशी एका ओळीची ऑर्डर नेहमी येते. थराची जाडी किती, तो कोणत्या पृष्ठभागावर नको आणि दिलेली मापे थराच्या आधीची की नंतरची, याचा ड्रॉइंगवर पत्ता नसतो. जॉब वाया जातो तो बहुधा या न लिहिलेल्या ओळींपायी.

आधी पद्धत ठरवावी. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये भाग टांगून वीज सोडतात आणि त्याच्याच धातूतून ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा, म्हणजे सिरॅमिकचा, थर तयार होतो. 6061 सारख्या ॲल्युमिनिअम मिश्रधातूवर या थराचा कठीणपणा साधारण 400 विकर्स (कठीणपणाचे एकक) असतो. स्वयंपाकघरातली काळपट कढई याच कुळातली. प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनमध्ये द्रावण सौम्य अल्कलाइन असते, व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत चढवतात आणि पृष्ठभागावर बारीक ठिणग्या नाचू लागतात. त्या क्षणिक उष्णतेत थराचा काही भाग स्फटिकरूप होतो आणि योग्य मिश्रधातूवर कठीणपणा 1000 विकर्सच्या पुढे जातो. वीज आणि खर्च अर्थातच जास्त. मॅग्नेशिअमच्या भागांसाठी मी हीच पद्धत सुचवतो. एडीसी12 या ॲल्युमिनिअम मिश्रधातूच्या डाय-कास्टिंगमध्ये (साच्यात दाबाने ओतलेल्या भागांत) सिलिकॉन आणि तांबे भरपूर असल्यामुळे त्यावर हार्ड ॲनोडायझिंगचा थर पातळ आणि डागाळलेला येतो, हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे.

खरी अडचण मापांची असते. हार्ड ॲनोडायझिंगचा थर ढोबळमानाने निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे 50 मायक्रॉनच्या थराने प्रत्येक पृष्ठभाग 25 मायक्रॉनने पुढे सरकतो आणि बोअरचा (भोकाचा) व्यास 50 मायक्रॉनने घटतो. आमच्याकडे एकदा 25 मिमी एच7 (मापातल्या सुटीचा ठरलेला वर्ग) चे बोअर असलेल्या प्लेट थर चढून परत आल्या. या बोअरला सूट फक्त 0 ते अधिक 21 मायक्रॉन. साहजिकच गो गेज (किमान माप तपासणारा प्लग) एकाही भोकात उतरेना आणि बोअर लॅप करत, म्हणजे बारीक घासून मापात आणत, दोन दिवस गेले. चूक आमचीच होती, कारण बोअर आधी तेवढे मोठे ठेवायला हवे होते किंवा त्यावर मास्किंग (थर चढू नये म्हणून झाकणे) मागायला हवे होते. आट्यांचे गणित आणखी कडक आहे: 60 अंशांच्या आट्यांत पिच व्यास (आट्याच्या उंचीच्या मधोमध मोजलेला व्यास) प्रत्येक पृष्ठभागावरील वाढीच्या चौपट बदलतो, म्हणून याच थराने तो 100 मायक्रॉनने बदलेल. ओव्हरसाइज टॅप (आटे थोडे मोठे पाडणारे हत्यार) वापरावा, नाहीतर आटे प्लगने बंद करून पाठवावेत.

थर पृष्ठभागाशी काटकोनात वाढत असल्याने धारदार कडेवर तो जुळून येत नाही आणि तिथूनच टवके उडतात. 50 मायक्रॉनसाठी सुमारे 1.6 मिमी रेडिअस द्यावा. स्टीलचे इन्सर्ट (भोकात बसवायचे आटेदार तुकडे) थर चढल्यावरच बसवावेत. जिगची (बाथमध्ये भाग टांगणाऱ्या चौकटीची) पकड जिथे असेल तिथे थर येत नाही, म्हणून ती जागाही ड्रॉइंगवर दाखवावी. थर वीजरोधक असल्याने अर्थिंगची जागा मास्क करायला विसरू नये.

सीलिंगचा, म्हणजे थराची सूक्ष्म छिद्रे बंद करण्याचा, निर्णय कामावरून घ्यावा. उकळत्या पाण्यात सील केलेला थर गंजाला चांगले तोंड देतो, पण झिजेला थोडा कमी पुरतो. त्यामुळे खाडीच्या खाऱ्या हवेत उघड्यावर राहणाऱ्या भागाला सीलिंग मागावे, सरकणाऱ्या पिस्टनला मागू नये.

माल आल्यावर एडी करंट गेजने (धातूवरच्या वीजरोधक थराची जाडी दाखवणाऱ्या उपकरणाने) जाडी मोजावी, मात्र गेजचे शून्य त्याच मिश्रधातूच्या, थर नसलेल्या तुकड्यावर लावावे. त्यासाठी प्रत्येक लॉटमधला एक तुकडा थर न देता बाजूला ठेवावा आणि त्यावर चलान क्रमांक मार्करने लिहावा.