कोटेशनमध्ये एमओक्यू लावताय? या चुका टाळा

ईआरपीनेक्स्ट हे धंद्याची खरेदी-विक्री-स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईत तयार झालेलं, आणि आपल्याकडच्या कितीतरी लहान कारखान्यांत तेच चालतं. त्यात विक्रीसाठी एमओक्यू (मिनिमम ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे गिऱ्हाइकाने कमीत कमी किती माल घ्यायचा ती अट) बसवून देण्याचं काम माझ्याकडे सारखं येतं आणि तक्रार ठरलेली असते: "आयटममध्ये मिनिमम ऑर्डर क्वांटिटी 1000 भरली आहे, तरी सेल्सवाले 200 नगांचं कोटेशन काढतात."

काढणारच. तो रकाना खरेदीच्या टॅबमधला आहे. परचेस ऑर्डर तो तपासते, कोटेशन तपासत नाही. विक्रीसाठी आयटममध्ये वेगळं कस्टम फील्ड (स्वतःचा नवा रकाना) करा. आहे तोच रकाना विक्रीला जुंपलात, तर उद्या त्याच मालाची थोडी खरेदी करताना परचेस ऑर्डर अडेल.

प्राइसिंग रूलमधली (दर-सवलतीच्या नियमातली) मिनिमम क्वांटिटीही इथे कामाची नाही. तेवढा माल घेतला तर कोणता दर किंवा सूट द्यायची, एवढंच ती ठरवते. कमी मालाला ती अडवत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: युनिट. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात कोणीतरी घाईने एमओक्यू तपासणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) टाकून ठेवली होती. एमओक्यू 1000 नग, बंडल 25 नगांचं. गिऱ्हाइकाने 40 बंडल मागितले, म्हणजे बरोबर 1000 नग. पण स्क्रिप्ट ओळीतली क्वांटिटी बघत होती. तिच्या हिशेबी 40 हा आकडा 1000पेक्षा कमी, म्हणून कोटेशन सेव्ह होईना. सेल्सच्या नव्या मुलाने 40 खोडून 1000 टाकलं, युनिट बंडलच राहिलं. गिऱ्हाइकाकडे 25,000 खोक्यांचं कोटेशन गेलं. त्याने एवढा आकडा पाहून फोनही केला नाही, दुसरीकडे ऑर्डर दिली. मी त्या मुलाला दोष देत नाही. बरोबर मागणी अडवणाऱ्या तपासणीला माणूस वाट शोधतोच.

तुलना नेहमी 'क्वांटिटी ॲज पर स्टॉक यूओएम' (स्टॉकच्या युनिटमध्ये, म्हणजे इथे नगांत मोजलेली क्वांटिटी) या आकड्याशी करा. स्क्रिप्टचा इव्हेंट (ती कधी चालायची तो क्षण) 'बिफोर सेव्ह' ठेवा. 'बिफोर व्हॅलिडेट'ला तो आकडा अजून नव्याने मोजलेला नसतो. आणि एकाच आयटमच्या ओळी आधी एकत्र बेरजेत घ्या. दोन तारखांना 500-500 नग मागणाऱ्याला अडवणं चूक आहे. परचेस ऑर्डरची तपासणीही अशीच बेरीज करते.

क्लायंट स्क्रिप्टवर भागवू नका. ती ब्राउझरमधल्या फॉर्मपुरती असते, डेटा इम्पोर्ट आणि एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने थेट नोंद करण्याचा मार्ग) तिला ओलांडून जातात. दहा मिनिटांत काम झाल्याचं समाधान मिळतं म्हणून नवशिके तिथेच थांबतात, त्याचा मला खरंच राग येतो. सर्व्हर स्क्रिप्ट लिहा, ती सर्व्हरवरच चालते. व्हर्जन 15पासून ती मुळात बंद असते, बेंचच्या (ईआरपीनेक्स्ट ज्यावर चालवतात त्या सर्व्हरवरच्या मांडणीच्या) कॉन्फिगमध्ये चालू करावी लागते.

एरर मेसेजमध्ये आयटम, मागितलेले नग आणि हवे असलेले नग, तिन्ही लिहा.

सॅम्पलसाठी या तपासणीतून सूट ठेवा, पण ती एखाद्या रोलच्या (ठरावीक अधिकार असलेल्या युजर्सच्या) हाती द्या. सगळ्यांना दिसणारा चेकबॉक्स आठवड्याभरात सगळेच टिक करू लागतात.

हीच तपासणी सेल्स ऑर्डरवरही लावा. 1000 नगांच्या कोटेशनवरून ऑर्डर बनवताना क्वांटिटी 300 करता येते. मी हातावेगळं करण्याआधी चार कोटेशनं काढून बघतो: बंडलमधलं, दोन ओळींत फोडलेलं, एका नगाने कमी पडणारं, आणि इम्पोर्टने आत आणलेलं.