दुपारी एक वाजता कोंबड्यांच्या पाण्यात हात घालून बघा

अथणी, रायबाग, चिकोडी या पट्ट्यात मार्च सरता सरता ऊन चढतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बेळगाव-खानापूरकडं थोडा गारवा असतो, म्हणून तिकडची माणसं गाफील राहतात. या दोन महिन्यांत गावोगाव फिरताना मला दरवर्षी तेच दिसतं. परड्यात सावलीला पंख पसरून मेलेल्या कोंबड्या, आणि पाच हातांवर काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं.

रायबाग तालुक्यातल्या एका घरी बावीस कोंबड्यांतल्या नऊ एका दुपारात गेल्या. घरच्या अक्का डोळ्याला पदर लावून सांगत होत्या, "सकाळी सातलाच बारडीभर पाणी ओतून रानात गेल्ते की वो. बघा, भांडं अजून भरलेलंच हाय." तेवढ्यावरूनच मला कळलं काय झालं ते. ॲल्युमिनियमची परात, सकाळी सावलीत ठेवलेली, दहानंतर तिच्यावर ऊन आलेलं. साडेतीनला मी हात घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं कढत. कोंबड्यांनी त्याला चोच लावली नव्हती. तेव्हापासून कुणाच्याही परड्यात गेले की मी आधी पाण्यात हात घालते, कोंबड्या नंतर बघते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ते ४६-४७ वर गेलं की ती हाताला लागत नाही. म्हणजे जगण्या-मरण्यात पाच-सहा अंशांचं अंतर. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडं तुरा, गळ्याखालची लोंबती कातडी, पंखाखालची उघडी जागा आणि धाप, एवढंच आहे. हवा ३० अंशांच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकायला लागते. त्या प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी वाफ होऊन जातं. एरवी दिवसाला पाव लिटर पिणारी कोंबडी कडक उन्हात अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पिते. वीस कोंबड्या असतील तर किमान दहा लिटर झाले. तीन लिटरची परात सकाळी भरून कामाला गेलं तर हिशेब कुठंच जुळत नाही, आणि ते तीन लिटरही अकरानंतर तापतात. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. तहान लागली की पिईल, असं बरेच जण म्हणतात. ती पीत नाही, तशीच धापा टाकत बसते आणि चारच्या सुमाराला मान टाकते.

म्हणून पाण्याचं आधी करा, बाकीचं नंतर.

कुंभाराकडून मातीच्या पसरट कुंड्या आणा. माठाचा फुटका बूडही चालतो. कुंडी झाडाखाली किंवा गोठ्याच्या सावलीच्या भिंतीला, निम्मी जमिनीत पुरून ठेवा आणि भोवतीनं ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळची सावली दुपारी हलते, म्हणून जागा ठरवताना दुपारी दोन वाजता जाऊन बघा. वीस कोंबड्यांना अशा तीन कुंड्या तरी लागतात आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर मोठी कोंबडी तलंगांना जवळ येऊ देत नाही. पिल्लांसाठी पसरट ताटली ठेवा, त्यात खडे टाका, म्हणजे ती बुडणार नाहीत.

पाणी अकराला, एकला आणि साडेतीनला बदला. जुन्यात नवं ओतू नका. जुनं झाडाला घाला आणि कुंडी राखेनं घासून परत भरा. घरावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी थेट कोंबड्यांना देऊ नका, ते परातीतल्यापेक्षाही गरम असतं. पाइपचंही तसंच, पहिल्या दोन बारड्या झाडाला सोडा. कोंबड्यांचं पाणी पहाटेच भरून घरातल्या रांजणात ठेवलेलं बरं.

माझा एक अंदाज आहे, कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. दुपारी कोंबडी सावली सोडून पाण्यासाठी उन्हातून पंधरा-वीस पावलं चालत नाही. कुंडी कितीही गार असो, वाटेत ऊन असेल तर ती जात नाही. कोंबड्या जिथं पसरून बसतात, पाणी तिथंच न्या.

खुराड्याची कामं थोडक्यात:

- पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा वीतभर जाड पसरा, दोरीनं बांधा. चुलीपासून लांब.
- पत्र्याला वरून चुना मारा.
- खुराडं पूर्व-पश्चिम लांब असावं. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट सोडा.
- खालचं तूस दोन इंचांपेक्षा जाड नको.
- रात्री पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. जाळीचं दार लावा. मांजर-मुंगसाची भीती असेल तर दोन जाळ्या लावा, पण वारा बंद करू नका.
- भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवा. कोंबड्यांचे गोचीड दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात.
- कोपऱ्यात माती आणि राख मिसळून ठेवा, कोंबड्या त्यात लोळतात.

खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तासांनी शिखराला जाते. दहाला जोंधळा टाकला तर ती नेमकी भर दुपारी येते. म्हणून नऊनंतर दाणे उचला, चार-पाचपर्यंत काही टाकू नका. मध्ये द्यायचंच तर कलिंगडाच्या साली आणि काकडी द्या. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं कॅल्शियमचा मेळ बिघडतो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. कवच रात्री तयार होतं, म्हणून शिंपल्याचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा.

आता दुकानदारांविषयी. ऊन वाढलं की बाजारात 'उष्माघाताचं टॉनिक', 'लिव्हर टॉनिक' असल्या बाटल्या पुढं येतात. कोंबड्या मरायला लागल्यावर घाबरलेला माणूस मागेल तेवढे पैसे देतो. मागच्या उन्हाळ्यात एकीनं चारशे रुपयांची बाटली आणली आणि ते औषध त्याच तापलेल्या परातीत ओतलं. पाणीच प्यायलं गेलं नाही, तर औषध पोटात जाणार कसं? तेवढ्या पैशांत मातीच्या कुंड्या आल्या असत्या.

सरकारी सल्ल्यातली मात्रा साधी आहे. क जीवनसत्त्व १००० पक्ष्यांना १० ग्रॅम, म्हणजे एका कोंबडीला १० मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पन्नास कोंबड्यांना पुरते. वीस कोंबड्यांना निम्म्याहून कमी लागते. गोळी चुरून सकाळच्या पहिल्या पाण्यात द्या. खायचा सोडा किलोभर खाद्याला २ ते ५ ग्रॅम असतो, मी दोनाच्या वर जात नाही. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, फक्त दुपारच्या वेळेला, आणि शेजारी साधं पाणी हवंच. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त झालं तर कोंबडी मरते. पातळ ताकाचा मला चांगला अनुभव आहे, पण मातीच्या भांड्यातच द्या आणि तासाभरात उचला. उन्हानं धापा टाकणाऱ्या कोंबडीला अँटिबायोटिक देऊ नका, त्याचा इथं काही संबंध नाही.

सगळ्यात वाईट दिवस कडक उन्हाचा नसतो. वळवाच्या आधीचा असतो. आभाळ भरून येतं, वारा पडतो, पानसुद्धा हलत नाही. पारा दोन अंश उतरलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त. पण हवेत ओल भरलेली असते आणि धापेतून पाण्याची वाफ नीट होत नाही. कोंबडी धापा टाकत राहते आणि अंग तापतच जातं. अशा दिवशी गोणपाटांवर पाणी मारू नका, जमीन शिंपू नका, ओल आणखी वाढते. सगळी दारं-जाळ्या उघडा, घरातला पंखा परड्यात आणा आणि तीन वेळांऐवजी दर तासाला गार पाणी द्या. गिरिराजासारखी जड पाखरं आणि अंड्यावरच्या कोंबड्या आधी बळी पडतात, त्यांच्याकडं लक्ष ठेवा. गावरान आणि बोडक्या मानेच्या कोंबड्या जास्त तग धरतात. नवीन पाखरं घेणार असाल तर बोडक्या मानेची बघा. वळीव पडून गेल्यावर ओलं तूस त्याच दिवशी काढा, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते.

कोंबडी कोलमडली तर तिला सावलीत न्या. मानेपर्यंत साध्या गार पाण्यात, बर्फाच्या नव्हे, दोन-तीन मिनिटं बुडवून धरा आणि मग वाऱ्याला ठेवा. तुरा काळपट-जांभळा पडला असेल तर वेळ फार थोडा आहे. चोचीच्या कडेला पाण्याचे थेंब लावा. घशात ओतू नका, पाणी श्वासनळीत जातं. उभी राहायला लागली की गार कुंडीजवळ ठेवा आणि संध्याकाळपर्यंत दाणे देऊ नका.

एक-दोन नव्हे, पटापट मरायला लागल्या, माना वाकड्या व्हायला लागल्या किंवा हिरवी हगवण दिसली तर ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, नुसतं ऊन नव्हे. तेव्हा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा आणि मेलेली पाखरं चुना टाकून खोल पुरा, ओढ्यात टाकू नका.

लसीकरण आणि इतर:

- मानमोडी: लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी, पुन्हा चौथ्या आठवड्यात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस, ०.५ मिली कातडीखाली.
- देवी: सहाव्या-सातव्या आठवड्यात.
- लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. टोचायची ती सूर्योदयाआधी.
- जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून, थंड वेळेला.
- अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. बसवायची अंडी माठाजवळच्या वाळूत ठेवा, आठवड्यापेक्षा जुनी बसवू नका.
- दुपारी कोंबड्यांना पकडू नका, पळवू नका.

जत्रांच्या दिवसांत पाय बांधून, डोकं खाली लोंबत, मोटरसायकलला अडकवून कोंबड्या बाजाराला नेतात. संकेश्वर-निपाणीच्या रस्त्यावर भर बारा वाजता हे दिसतं आणि जीव तुटतो. न्यायच्या असतील तर पहाटे न्या, डालग्यात थोड्या ठेवा आणि निघण्याआधी पोटभर पाणी पाजा.

राहता राहिला खरा प्रश्न. घरातली सगळी माणसं उसाच्या रानात असताना एकला पाणी कोण बदलणार? एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी असते. घरात नऊ-दहा वर्षांचं पोर असेल तर त्याच्याकडं हे काम द्या, पण नुसतं "पाणी भर" म्हणू नका. त्याला सांगा, आधी कुंडीत हात घाल, पाणी कोमट लागलं की झाडाला ओत आणि रांजणातलं भर. पोर नसेल तर शेजारच्या आजींना सांगा, संध्याकाळी दोन अंडी त्यांच्या घरी पोचवा. त्या रायबागच्या अक्कांनी गेल्या उन्हाळ्यात तसंच केलं. मी मे महिन्यात त्यांच्या परड्यात गेले, एक वाजला होता, कुंडीत हात घातला, पाणी गार होतं. सोळा कोंबड्या चिंचेखाली बसल्या होत्या.