चैत्रातल्या सकाळच्या मळभाची नोंद कशी ठेवावी

मार्च ते मे या काळात कोकण किनाऱ्याकडचा दमट वारा सह्याद्री चढून येतो, तेव्हा कोल्हापुरातही काही दिवस सकाळी खालच्या थराचे ढग दाटतात आणि ऊन चढले की विरतात. हे मळभ टिपण्यासाठी रोज ठरावीक वेळी, शक्यतो हवामान खाते सकाळचे निरीक्षण घेते त्या ८.३० वाजता, मोकळ्या गच्चीवर जावे. आकाशाचे मनाने ८ भाग पाडून त्यांपैकी किती झाकलेले आहेत, ते लिहावे.

ढगांच्या उंचीचा अंदाज घेण्यास पन्हाळ्यासारखी दुसरी खूण नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरांवर आणि गड सुमारे ९७५ मीटरांवर असल्यामुळे, गडाचा माथा ढगात बुडालेला असेल, तर तिथे ढगांचा तळ शहराच्या पातळीपासून सव्वाचारशे मीटरांच्या आतच आहे, असे समजावे. मात्र धुरकट हवेत तटबंदीची रेघ नुसती पुसट होते. तिला ढगात गेलेली धरू नये.

तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर, सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा. मळभ फाटण्याची वेळ, जी मला सर्वांत मोलाची नोंद वाटते, ती चुकवू नये. दुपारनंतर वळीव आलाच, तर त्याची वेळ आणि दिशा त्याच ओळीत लिहावी.